साइट नवी केली की रँकिंग का पडतं: यूआरएल बदलताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण आणि तिचा इलाज

लक्षणं नेहमी सारखीच असतात. साइट नव्या थीमवर जाते, यूआरएल, म्हणजे पानांचे वेबवरचे पत्ते, 'सुटसुटीत' केले जातात, पहिले काही दिवस सगळं ठीक वाटतं आणि मग गुगलवरून येणारी माणसं हळूहळू कमी व्हायला लागतात. कोणीतरी एखादं प्लगिन टाकून थोडंफार सावरतं. दोन-तीन वर्षांनी साइट पुन्हा नवी होते आणि पुन्हा तेच.

इंदूरमधल्या मराठी मंडळींच्या लहान लहान साइट मी सांभाळतो: फराळ, मसाले, शिकवण्या, मंडळांचे कार्यक्रम. ही तक्रार बहुतेक गणपती उठल्यावर येते, कारण तेव्हा दिवाळीच्या ऑर्डरींचा हंगाम समोर असतो आणि फोन मात्र वाजत नसतो. उदाहरणासाठी सुदामानगरातल्या एका काकूंची साइट घेतो. मराठी आणि हिंदीत पाककृती, सोबत फराळाची ऑर्डर. साइट तीन वेळा नवी झाली, दर वेळी वेगळ्या माणसाच्या हातून, आणि दर वेळी पडली. काकूंचा प्रश्न अगदी रास्त होता. "अरे, माझी पानं जागच्या जागी आहेत ना? मग लोकांना सापडत का नाहीत?"

पानं होती. पण गुगलच्या दृष्टीने पान म्हणजे त्याचा यूआरएल. कोणी कुठून लिंक दिली, किती वर्षं ते पान काय सांगत आलं, ही सगळी जमा त्या यूआरएलच्या खात्यावर असते. यूआरएल बदलला आणि जुन्याकडून नव्याकडे जायची वाट, म्हणजे रीडायरेक्ट, ठेवली नाही, तर ती जमा जुन्या खात्यावरच पडून राहते आणि नवं पान शून्यापासून सुरू होतं.

आधी खात्री करा की दोष यूआरएलचाच आहे

सर्च कन्सोल या गुगलच्या फुकट साधनात मागच्या १६ महिन्यांचा डेटा मिळतो. ज्या पानांचे यूआरएल बदलले ती आणि ज्यांचे बदलले नाहीत ती, असे दोन गट करून पाहा. फक्त बदललेली पानं पडली असतील तर दोष बहुधा इथेच आहे. सगळी साइट एकदम पडली असेल, तर आधी पाहा की चाचणीच्या साइटवरची 'सर्च इंजिनांना परावृत्त करा' ही वर्डप्रेसमधली (साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) खूण तशीच राहिली का. ही एक खूण राहिली तर पुढचं सगळं काम वाया. गुगलनेच त्या सुमारास एखादा मोठा अपडेट आणला होता का, तेही त्यांच्या स्टेटस डॅशबोर्डवर पाहून घ्या.

मराठी साइटवर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: आपले सण तारखेने येत नाहीत, तिथीने येतात. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. 'मागच्या वर्षीची हीच तारीख' अशी तुलना केली, तर चकली-करंजीची पानं एकदा उगाच कोसळलेली दिसतील आणि एकदा उगाच चढलेली. अधिक महिन्याचंही तसंच. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. त्या काळात जावयाच्या वाणासाठी अनारसे शोधणारी घरं वाढणारच. २०२४ च्या जुलैशी तुलना करून 'अनारशांचं पान पडलं' म्हणणं चूक आहे. तुलना तिथीने करा, मगच दुरुस्तीला हात घाला.

पुन्हा पुन्हा का होतं

काकूंच्या साइटवर पहिल्या बदलानंतर साइट पडली तेव्हा रीडायरेक्ट नीट लावले गेले होते. ते एचटीअ‍ॅक्सेस फाईलमध्ये होते, जिथे अपाची सर्व्हर ते वाचतो. पुढच्या वेळी होस्टिंग स्वस्तात मिळालं म्हणून बदललं गेलं आणि नव्या ठिकाणी एनजिनएक्स हा दुसरा सर्व्हर होता. एनजिनएक्स एचटीअ‍ॅक्सेस फाईल वाचतच नाही. फाईल जागेवर होती, आतल्या ओळी बरोबर होत्या, पण त्यांना विचारणारं कोणी नव्हतं. कुठेही एरर आला नाही. फक्त सगळ्या जुन्या लिंक ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही', झाल्या.

असंच काही प्लगिन काढलं की होतं, कारण रीडायरेक्ट त्या प्लगिनच्या डेटाबेसमधल्या टेबलात असतात. नवी साइट कोऱ्या डेटाबेसवर उभी केली की तेही मागेच राहतात. वर्डप्रेसवर फार भिस्त ठेवू नका. लेखाचा स्लग (यूआरएलमधलं पानाचं नाव) बदलला तर वर्डप्रेस जुना लक्षात ठेवतो आणि नव्याकडे नेतो, हे खरं. पण ही सोय 'पेज' प्रकारच्या पानांना नाही आणि कॅटेगरींनाही नाही. एचटीअ‍ॅक्सेसमधला वर्डप्रेसचा स्वतःचा तुकडा परमालिंक (यूआरएलची रचना) सेव्ह करताना नव्याने लिहिला जातो, त्यामुळे त्याच्या आत टाकलेल्या आपल्या ओळी उडतात. त्या नेहमी त्या तुकड्याच्या वर असाव्यात.

मूळ दुखणं असं आहे की जुने यूआरएल आणि नवे यूआरएल यांची यादी साइटच्या मालकाकडे नसते. ती होस्टिंगमध्ये असते, प्लगिनमध्ये असते किंवा साइट करून देणाऱ्याच्या लॅपटॉपवर असते. तो माणूस बदलला की यादी गेली. घराच्या रजिस्ट्रीचे कागद आपण बांधकाम करणाऱ्याकडे ठेवत नाही, स्वतःच्या कपाटात ठेवतो. ही यादी तशीच जपायची आहे. साधी एक्सेल शीट चालते. रीडायरेक्ट त्या शीटवरून तयार व्हावेत, शीट रीडायरेक्टवरून नव्हे.

जुन्या लिंक गोळा करणं

हे काम बदलाच्या आधी केलं तर सोपं, नंतर केलं तर किचकट, पण दोन्ही वेळा करावं लागतंच. जुना साइटमॅप (साइटच्या यूआरएलची यादी), सर्च कन्सोलमधली पानांची यादी, त्यातलाच बाहेरून आलेल्या लिंकांचा अहवाल आणि सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग (कोणी काय उघडलं याची नोंद), सगळं एकत्र करा. सर्च कन्सोलमधून एका वेळी १,००० ओळीच उतरवता येतात. साइट मोठी असेल तर फोल्डरप्रमाणे फिल्टर लावून तुकड्या-तुकड्यांनी उतरवा. बदल आधीच होऊन गेला असेल आणि जुनी साइट हाताशी नसेल, तर जुनी वेबपानं साठवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये तिच्या प्रती सापडण्याची बरीच शक्यता असते.

अ‍ॅक्सेस लॉग टाळू नका. आपल्याकडे पाककृतीची लिंक घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरते. नाशिकच्या मावशी ती पुण्याला पाठवतात, तिथून ती अमेरिकेला जाते आणि चार वर्षांनी कोणीतरी स्क्रोल करत मागे जाऊन तीच उघडतं. अशा लिंका सर्च कन्सोलला दिसत नाहीत, लॉगमध्ये दिसतात. काकूंच्या साइटवर लॉगमधूनच कळलं की सगळ्यात पहिल्या साइटच्या काळातली भाजणीची लिंक लोक अजून उघडत होते आणि ४०४ पाहून परत जात होते.

फोटो विसरू नका. पाककृती शोधणारे पुष्कळ लोक चित्रांमधून येतात. फोटोंच्या फाईलींचे यूआरएल बदलले असतील तर त्यांनाही रीडायरेक्ट हवेत, आणि गुगल फोटो पानांपेक्षा सावकाश पुन्हा तपासतं. सगळ्यात चांगलं म्हणजे फोटोंचे यूआरएल बदलूच नका.

जोड्या लावताना

प्रत्येक जुन्या यूआरएलसमोर एकच नवा यूआरएल लिहायचा: तोच मजकूर असलेला, तो नसेल तर अगदी जवळचा. जवळचंही काही नसेल तर सरळ ४१० (पान कायमचं काढलं) किंवा ४०४ द्या. सगळ्या निराधार लिंका मुख्य पानावर वळवणं हा उपाय नाही. गुगल अशा वळणाला सॉफ्ट ४०४ (नसलेल्या पानासारखंच) धरतं, म्हणजे फायदा काहीच नाही. शिवाय शंकरपाळ्यांचं प्रमाण बघायला आलेल्या माणसाला दुकानाचं पहिलं पान दिसतं आणि तो वैतागतो.

रीडायरेक्ट ३०१, म्हणजे कायमचा, असावा. ३०८ ही चालतो. ३०२ म्हणजे तात्पुरता, आणि तो दिसला की गुगल निकालात जुनाच यूआरएल धरून बसू शकतं. काही प्लगिनमध्ये न सांगता ३०२ लागतो, म्हणून तपासा. ३०१ मुळे पेजरँक (लिंकांमुळे पानाला मिळणारं वजन) गळतो अशी जुनी भीती अजून लोकांच्या मनात आहे. ३०-मालिकेतल्या रीडायरेक्टमुळे आता पेजरँक कमी होत नाही, असं गुगलच्या लोकांनी २०१६ मध्येच स्पष्ट केलं आहे.

पूर्ण फोल्डरचं नाव बदललं असेल, म्हणजे '/रेसिपी/' चं '/पाककृती/', तर एक नियम पुरतो. स्लगही बदलले असतील तर ओळ न् ओळ हाताने लावावी लागते. नेमके नियम वर, सर्वसाधारण नियम खाली.

आणि सर्च कन्सोलमधलं 'पत्ता बदल' साधन या कामाचं नाही. ते डोमेन बदलल्यावर वापरायचं असतं. त्याच डोमेनमधले यूआरएल बदलले असतील तर तिथे काही करण्यासारखं नाही.

देवनागरी स्लगची खास डोकेदुखी

इथे जरा थांबतो, कारण याबद्दल मराठीत कोणी लिहीत नाही आणि आपल्या निम्म्या अडचणी इथेच असतात.

यूआरएलमध्ये देवनागरी अक्षर जसंच्या तसं जात नाही. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) एक अक्षर तीन बाइटचं, आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन खुणांनी लिहितात. म्हणजे एका अक्षराच्या नऊ खुणा. मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी अक्षरं मोजली जातात. वर्डप्रेस स्लगला २०० खुणांवर कापतो. हिशेब केला तर जेमतेम २२ अक्षरं बसतात.

काकूंचं एक पान होतं: 'छप्पन दुकानावरचे खोबऱ्याचे पॅटिस'. मोजून पाहा. 'छप्पन' ची पाच, 'दुकानावरचे' ची दहा, 'खोबऱ्या' ची सात, झाली बावीस. त्यांच्या १९८ खुणा आणि दोन जोडरेघा मिळून बरोबर २००. स्लग तिथेच तुटतो: 'छप्पन-दुकानावरचे-खोबऱ्या'. दुसरं पान होतं 'छप्पन दुकानावरचे खोबऱ्याचे पॅटिस, उपवासाचे'. तेही तिथेच तुटलं, आणि '-२' बसावं म्हणून वर्डप्रेसने शेवटचा काना कापून ते शेवटी जोडलं. पुढच्या बदलाच्या वेळी कोणीतरी शीर्षकांवरून जोड्या लावल्या. शीर्षकावरून तयार केलेला पूर्ण यूआरएल कधी अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे तो रीडायरेक्ट कधी लागलाच नाही, आणि उपवासाचं पान बटाट्याला मैदा लावून तळायच्या पानाकडे वळलं. एकादशीला असं पान उघडलेल्या बाईचं काय होत असेल, विचार करा.

म्हणून जुना यूआरएल शीटमध्ये कधीही हाताने टाइप करू नका. लॉगमधून किंवा साइटमॅपमधून कॉपी करा. 'खोबऱ्या' मधला 'ऱ' एका अक्षरात साठवलेला असू शकतो किंवा 'र' आणि नुक्ता असा दोन अक्षरांत. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, सर्व्हरला दोन वेगळे यूआरएल दिसतात.

नियम लिहितानाही सर्व्हर काय पाहतो ते ध्यानात घ्या. अपाचीचा रीराईट रूल (यूआरएल वळवायचा नियम) यूआरएल उलगडून, म्हणजे देवनागरीतच, पाहतो. तिथे टक्केचिन्हांची माळ लिहिली तर जुळत नाही. एनजिनएक्समध्ये मॅप (जुन्या-नव्या यूआरएलचा तक्ता) लावताना मूळ विनंतीचा यूआरएल घेतला तर तो टक्केचिन्हांसकट येतो. त्यात आणखी एक खोच आहे. वर्डप्रेस त्या खुणांमधली रोमन अक्षरं लहान लिपीत साठवतो, ब्राउझरमध्ये देवनागरी टाइप केलं तर ती मोठ्या लिपीत जातात. त्यामुळे मॅपमधली जुळणी लहान-मोठी अक्षरं न पाहणारी ठेवा, नाहीतर निम्मे लोक पोचतील आणि निम्मे नाही, आणि कारण शोधता शोधता दिवस जाईल.

'मग सगळे स्लग रोमन करून टाकू का?' हा प्रश्न येतोच. नव्या पानांना आखूड रोमन स्लग द्या, माझी हरकत नाही. लिंक पाठवायला बऱ्या पडतात. पण जी देवनागरी पानं वर आहेत त्यांना हात लावू नका. गुगलला देवनागरी यूआरएल नीट समजतात. यूआरएलमधल्या शब्दांचं रँकिंगमधलं वजन अगदी किरकोळ आहे, आणि तेवढ्यासाठी जमलेलं सगळं हलवणं मला पटत नाही.

साखळी सरळ करा

दुसऱ्या-तिसऱ्यांदा साइट बदलली की साखळ्या तयार होतात. जुना यूआरएल आधी एचटीटीपीएसकडे, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू काढून, मग दुसऱ्या साइटच्या यूआरएलकडे, मग तिसऱ्या. गूगलबॉट (पानं तपासत फिरणारा गुगलचा प्रोग्राम) दहा उड्यांपर्यंत जातो, पण गुगलचा स्वतःचा सल्ला आहे की थेट शेवटच्या ठिकाणी न्या, आणि जमलंच नाही तर उड्या तीनच्या वर जाऊ देऊ नका. मध्ये एक कडी तुटली की तिच्या मागचं सगळं गेलं, हा खरा धोका.

शीट असेल तर हे सोपं आहे. दर बदलाला फक्त नव्या ओळी जोडायच्या नाहीत, जुन्या ओळींचा 'नवा यूआरएल' हा रकानाही आजच्या यूआरएलवर आणायचा. काकूंच्या साइटवर हेच केलं. तिन्ही काळांतल्या लिंका आता एकाच उडीत पोचतात.

तपासताना नेहमीचा ब्राउझर वापरू नका. तो ३०१ लक्षात ठेवतो आणि सुधारणा केल्यावरही जुनंच दाखवतो. कर्ल आज्ञेने फक्त हेडर मागवा, किंवा स्क्रीमिंग फ्रॉग या तपासणीच्या प्रोग्राममध्ये सगळी जुनी यादी टाका. फुकट आवृत्तीत ५०० यूआरएल होतात, लहान साइटला पुरतात.

बाकीच्या गोष्टी

मेन्यूतल्या आणि मजकुरातल्या लिंका थेट नव्या यूआरएलवर आणा. कॅनॉनिकल टॅग ('मूळ पान हे' असं गुगलला सांगणारी खूण) पाहा, विशेषतः एसईओ प्लगिनमध्ये कोणी हाताने भरलेले. ते जुन्या यूआरएलकडे बोट दाखवत राहतात आणि जुना यूआरएल नव्याकडे, मग गुगलने कोणाचं ऐकायचं? मराठी-हिंदी जोडपानं असतील तर एचरेफलँग (दुसऱ्या भाषेतलं पान दाखवणारी खूण) दोन्ही बाजूंनी नव्या यूआरएलचा हवा, एकाच बाजूचा धरला जात नाही. साइटमॅपमध्ये फक्त नवे यूआरएल. आणि जुने फोल्डर, बॉटना वाट बंद करणाऱ्या रोबोट्स फाईलमध्ये अडवू नका. अडवले तर गूगलबॉट तिथपर्यंत पोचणारच नाही आणि रीडायरेक्ट त्याला कधी दिसणारच नाही.

रीडायरेक्ट किती दिवस ठेवायचे? गुगल किमान एक वर्ष म्हणतं. मी म्हणतो काढूच नका. शीटमधल्या ओळींना भाडं पडत नाही.

वेळ आणि वाट

फराळाच्या साइटला श्रावण ते भाऊबीज हात लावू नये. बदल संक्रांतीनंतर करा, म्हणजे निस्तरायला उन्हाळा मिळतो. लहान साइट एकदम हलवा. खूप मोठी असेल तर एकेक विभाग. त्यानंतर काही आठवडे चढउतार राहतोच. या काळात घाबरून सगळं उलटं फिरवणं सगळ्यात महागात पडतं, कारण मग नवे यूआरएल जुन्याकडे आणि जुने नव्याकडे असा गुंता होतो. दर आठवड्याला लॉगमधले ४०४ काढा, ज्यांना खरी माणसं येतायत ते शीटमध्ये जोडा. कधीच नसलेल्या यूआरएलवर बॉट डोकं आपटत असतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

तरीही एखादं पान वर येत नसेल

रीडायरेक्ट बरोबर, कॅनॉनिकल बरोबर, दीड-दोन महिने उलटले, आणि एखादंच पान खाली राहिलं असेल, तर यूआरएल सोडा आणि पान पाहा. जुन्या पानाची प्रत वेबॅक मशीनवरून काढा आणि नव्याशेजारी ठेवून वाचा. साइट नवी करताना मजकूरही कापला जातो आणि दोष मात्र यूआरएलवर येतो.

काकूंच्या अनारशांचं पान असंच अडलं होतं. जुन्या पानाखाली वाचकांचे प्रश्न आणि काकूंची उत्तरं होती: पीठ सैल झालं तर काय, तांदूळ किती दिवस भिजवायचे, अनारसे तुपात हसतात (फुटून विखुरतात) ते कशाने. नव्या थीममध्ये तो भाग दिसतच नव्हता. लोक गुगलवर शोधत होते 'अनारसे का हसतात', आणि त्याचं उत्तर त्या पानावर उरलंच नव्हतं. ती प्रश्नोत्तरं डेटाबेसमध्ये शाबूत होती. थीमच्या सेटिंगमधून ती पानावर परत आणली, 'अनारसा हसू नये म्हणून' असं एक उपशीर्षक मजकुरात घातलं आणि सर्च कन्सोलमधून त्या एका पानाची पुन्हा तपासणी मागवली. त्या शोधासाठी पान परत दिसायला लागलं.